पदरात गुंडाळलेल्या बांगड्या

माझा नातू हृतिक पंधरा महिन्यांचा झाला तरी बोट दाखवत नव्हता. कावळ्याकडे नाही, चंद्राकडे नाही, बिस्किटांच्या डब्याकडेही नाही. काही हवं असलं की माझं मनगट धरून ओढायचा, चेहऱ्याकडे मात्र बघायचा नाही. पनवेलच्या वाचनालयात तीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली. त्या सवयीनं बालविकासावरचं एक पुस्तक तीनदा वाचलं. पहिल्या काही वर्षांत मेंदू झपाट्यानं घडत असतो, शंका आली तर वाट पाहू नये, असं त्यात होतं. पण मला नसलेलंच दिसत असेल, असं वाटून मी महिनाभर गप्प बसलो.

शेवटी जेवताना सांगितलं. 'ऑटिझम' म्हणताना जीभ अडखळली.

"याचा बाप शैलेश तीन वर्सांचा होईपर्यंत बोलला नव्हता," माझी बायको भामा म्हणाली. "आता जासईच्या कंटेनर यार्डात दिवसभर वरडत असतो. आनी नावाला वळतो की माझा नातू. ए हृतिक!"

तो वळला. सून निशानं निश्चिंत होऊन घास तोंडात घातला. मीही मान खाली घालणार होतो, पण हृतिकची नजर भामाच्या हाताकडे होती. हाक मारताना ती हात हलवते, आणि डझनभर काचेच्या बांगड्या वाजतात.

"बांगड्या काढून हाक मार," मी म्हणालो.

"नवरा जिता असताना? तुमच्या बुकात तेपन लिवलाय का?"

एरवी मी इथंच थांबलो असतो. "काढू नको. पदरात गुंडाळ."

तिनं हसत दोन्ही मनगटं पदरात घट्ट गुंडाळली. हाक मारली. मग जरा मोठ्यानं. मग निशानं मारली. हृतिक डब्याचं झाकण फिरवत राहिला. तिसऱ्या हाकेनंतर भामानं पदर सोडला, बांगडी किणकिणली आणि तो लगेच वळला.

निशानं हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे ऐकू येतंय त्याला," निशा हळूच म्हणाली.

"शैलेशला सांग, सोमवारी सुट्टी टाक," भामा म्हणाली.

"मी चुकतही असेन," मी म्हणालो.

"चुकलाव तर बराच हाय. पन डाक्टरकडं जायचा."

सोमवारी डॉक्टरांनी विचारलं, "नावाला वळतो का?" मी टिपणांचा कागद उघडून चष्मा शोधू लागलो. भामा पुढं सरकली. तिनं मनगटांना पदर आधीच गुंडाळलेला होता.

"बांगड्यांना वळतो. नावाला नाय. काय शिकवायचा ते आजपासून सांगा."