आई खोटं बोलली नाही

धाकट्या भावाच्या पत्राला निवृत्त ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र येऊन बरेच दिवस झाले होते. आळस म्हणावा तर तसंही नाही. आपण लिहिलेलं चुकलं तर, ही धास्ती त्यांना जन्मभर पुरून उरली होती.

भाऊ छापखाना चालवायचा. मनानं सरळ, देवावर फार श्रद्धा. त्यानं लिहिलं होतं :

‘दादा, आमच्या ठमीला जीवशास्त्र शिकायचंय. परवा ऐन प्रार्थनेच्या वेळी मला म्हणाली, “बाबा, देवानं माणूस घडवला ही थाप आहे. माणूस प्राण्यांतून उत्क्रांत झाला.” अरे, माणूस देवानं घडवला हे आपल्याला आईनं मांडीवर घेऊन सांगितलं. ती खोटं बोलली का? मी ठमीच्या प्रवेशअर्जावर सही करणार नाही. पण तू सांगशील तर ऐकेन. पत्रच पाठव. फोनवर तू नुसता “हं, हं” करतोस.’

ग्रंथपालांनी पुस्तकं काढली. टेबल भरलं, मग खुर्ची भरली. चार ओळी लिहायच्या आणि कागद टोपलीत टाकायचा, असं चाललं होतं.

एका सकाळी ठमीचा काकूला फोन आला. काकू म्हणजे ग्रंथपालांच्या पत्नी. प्रसूतिगृहात डॉक्टर म्हणून त्यांची हयात गेली होती. फोन ठेवून त्या नवऱ्याच्या खोलीत आल्या आणि खुर्चीवरची पुस्तकं उचलून खाली ठेवून तिथं बसल्या.

“पोरगी रडत होती. या आठवड्यात अर्जाची मुदत संपते. तुमचं पत्र अजून गेलंच नाही?”

“अजून दोन पुस्तकं बघायची राहिलीत गं.”

“बघा, बघा. ठमीला नातवंडं झाली की कळवा.”

“अगं, पण लिहू काय? उत्क्रांती खरी आहे, त्याचे ढीगभर पुरावे आहेत. तेवढंच लिहिलं तर तो दुखावेल. त्याचं मन राखायला ते लपवलं तर ठमीवर अन्याय. कोणाची तरी बाजू घ्यावीच लागणार!”

“का घ्यावी लागणार? मी रोज प्रार्थना करते, खरं ना? आणि जन्मभर बाळंतपणं केली. एका पेशीचं बाळ कसं होतं, काळीज कधी धडधडायला लागतं, सगळं मला पाठ. तरी बाळ हातात दिलं की बायका म्हणायच्या, ‘देवानं दिलं हो!’ मी कधी म्हटलं का, ‘बाई, थापा मारू नका, नऊ महिने मोजा’?”

ग्रंथपालांना हसू आलं.

“हसताय काय? नऊ महिने लागले म्हणून बाळ देवाचं देणं नाही, असं कोणी म्हणत नाही. मग सगळी माणूसजात घडायला लक्षावधी वर्षं लागली, तर भावजींच्या देवाला कुठं गाडी पकडायची होती?”

“त्याला ते माकडाचंही झोंबलं असणार.”

“माकड काही आपला आजोबा नव्हे. दोघांचे पूर्वज एक, म्हणजे लांबचे चुलत भाऊ. नातेवाईक कोणाला निवडून मिळतात? मला तरी कुठं मिळाले?”

“पण तो धर्मग्रंथातला शब्दन् शब्द खरा मानतो—”

“ग्रंथ वाचायला ज्यानं बुद्धी दिली, त्यानंच दगडातली हाडं वाचायलाही दिली, असं मी मानते. आणि ठमीचंही चुकलंच. देव मानायचा नसेल तर न मानो. पण उत्क्रांती शिकलं की देव सोडावाच लागतो, बापाची थट्टा करावीच लागते, हे कुठल्या पुस्तकात आहे?”

ग्रंथपालांनी टेबलावरच्या ढिगाकडे पाहिलं. अरेरे! घरात एवढी पुस्तकं, आणि आपल्या भिडस्तपणापायी घरचीच पोर शिकायची राहणार! जे आपल्याला कळतं ते आपल्या माणसाला सांगायचं नाही, तर वाचलं कशाला?

त्यांनी कागद ओढला. या खेपेला एकही पुस्तक उघडलं नाही.

‘आई खोटं बोलली नाही. तू जन्मलास तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तिचं पोट वाढताना मी पाहिलं होतं, सुईण येताना पाहिली होती. तरी तुला माझ्यापुढे धरून आई म्हणाली, “बघ, देवानं तुला भाऊ दिला.” मला दोन्ही खरं वाटलं. आजही वाटतं. ठमी शिकेल त्यानं आईचं बोलणं पुसलं जाणार नाही. अर्जावर सही कर. आणि ठमीला सांग, काका म्हणतो, बाबांची माफी माग.’

वाचकहो, श्रद्धा की विज्ञान, एकच काय ते उचल, असं आपण मुलांना दटावू नये. निर्मात्याला हात जोडूनही उत्क्रांती शिकता येते. हात न जोडणाऱ्यालाही दुसऱ्याच्या जोडलेल्या हातांचा मान राखता येतो. आणि हे ज्याला उमगलंय, त्यानं तरी घरात मूग गिळून बसू नये.

दोघं पत्रपेटीपर्यंत चालत गेले. तिथं ग्रंथपाल पुन्हा थबकले.

“अगं, ‘सुईण’च होती ना ती? की शेजारची—”

“टाका आता!”

त्यांनी पत्र टाकलं.