ऱ्हिओतलं कडं

तिसऱ्या काचपट्टीवर टिपकागद ठेवून नंदकिशोर सरांनी अंगठा दाबला आणि सूक्ष्मदर्शकात पाहिलं. पुन्हा नुसते परागकण. निम्मे भरलेले, निम्मे पोकळ.

"दिसलं का सर?" शेजारच्या ऋतिकाने विचारलं. उद्या तिची एम.एस्सी.ची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि ऱ्हिओच्या झाडाची ही स्लाइड तिला एकदाही जमली नव्हती.

"अजून नाही."

ऱ्हिओच्या गुणसूत्रांनी कधीकाळी आपसात तुकड्यांची अदलाबदल केली. तेव्हापासून पराग घडताना बाराही गुणसूत्रं टोकाला टोक जोडून कडं करतात. निम्मे पराग वांझ निघतात, तरी बियांतून पुढच्या पिढीत तेच कडं उतरतं. सरांनी हे बत्तीस वर्षं फळ्यावर काढलं होतं. प्रत्यक्ष कधीच पाहिलं नव्हतं. दर वर्षी स्लाइड बिघडे आणि ते "आकृती काढून घ्या" म्हणत पुढच्या टेबलाकडे सरकत.

आज घरी पुढचं टेबल नव्हतं. सरांनी चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

सरांच्या पत्नी कुंदाताई चहा घेऊन आल्या.

"कळी कुठली घेतलीत?"

"ही, बाहेर डोकावणारी. त्यातली लहानातली लहान."

"अहो, ती उद्या उमलेल! लहान हवी तर आत हात घाला की."

"फुलोरा दुखावतो गं."

"इतकं लाजायचं? झाडाला?"

मुलुंडच्या त्या चिमुकल्या गॅलरीत वाकून कुंदाताईंनी ऱ्हिओच्या फुलोऱ्याभोवतीची जांभळी होडी नखाने उघडली आणि तळातून तांदळाच्या कणीएवढी कळी काढली.

या वेळी काचपट्टी ऋतिकाने केली, अंगठाही तिनेच दाबला.

"आई शप्पथ! दहा, अकरा... बारा! काकू, बघा ना!"

कुंदाताईंनी एक डोळा मिटला. "मंगळागौरीत आम्ही फेर धरतो तसंच की! ही एक तेवढी वाकडी उभी आहे. आमची मालन."

ऋतिका खळखळून हसली आणि तिने सरांसाठी स्टूल सरकवलं. सर बसले. त्यांनी भिंगाला डोळा लावला. चहावर साय धरली.

"सर, तुम्ही पहिल्यांदा पाहिलंत, तेव्हा कसं वाटलं होतं हो?"

कुंदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सरांनी डोळा उचलला नाही.

"थांब जरा," ते म्हणाले. "सांगतो."