अर्धा पिवळा हात

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, पण कुठल्याच घराचा नाही. माझ्यामागे कधी खोली नव्हती. मला उघडलं की पलीकडे दिव्याच्या दोन वायरी आणि पाव खात बसलेला एखादा माणूस दिसे. अशा दरवाजाची कहाणी कुणी ऐकावी का, याची मला स्वतःलाच खात्री नाही. पण मागच्या सोमवारी माझ्या अंगावरचा सगळा रंग खरवडायचं ठरलं होतं. तो गेला असता, तर माझ्याजवळ सांगण्यासारखं काहीच उरलं नसतं. म्हणून धीर करतो आहे.

मी अक्रोडाच्या लाकडाचा. लिअर गावातली बिअरची जुनी भट्टी पाडली, तेव्हा नेट नदीच्या काठी पावसात पडून होतो. तिथून गोमार वाउट्स यांनी मला हातगाडीवर घालून नेलं. गोमार चित्रपट लिहीत आणि दिग्दर्शितही करीत. पैसा थोडा, उरक फार. सकाळी स्वयंपाकघरात पटकथा लिहायची आणि दुपारी मागच्या शेडमध्ये चित्रीकरण करायचं. नेपथ्य म्हणजे मी आणि एक पडदा. त्यांची पत्नी लुटगार्ड मला रंगवी.

माझा पहिला चित्रपट भुताचा होता. फोन्स नावाचे धिप्पाड नट पोलीस अधिकारी झाले होते. त्यांनी मला ढकललं, पण मी पावसानं फुगलेलो. हललोच नाही. रीळ महाग, त्यामुळे प्रसंग पुन्हा घ्यायची सोय नव्हती. फोन्स पलीकडून ओरडले, “अहो, उघडा की! मी पोलीस आहे!” शेवटी आतलं भूतच उठलं आणि त्यानं मला ओढून उघडलं.

चर्चच्या सभागृहात चित्रपट दाखवला, तेव्हा लोक पोट धरून हसले. गोमार मागच्या रांगेत कपाळाला हात लावून बसले होते.

“भ्यायचं होतं गं यांनी,” ते म्हणाले.

“मग पुढच्या वेळी आधीच लिहून ठेव,” लुटगार्ड म्हणाली. “दार अडकतं.”

तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक पटकथेत ते दोन शब्द असत. नवरदेव माझ्यापाशी अडकले, डॉक्टर अडकले, पाणबुडीचा कप्तानही अडकला. ब्रुसेल्सच्या एका वर्तमानपत्रानं लिहिलं की, या गृहस्थांच्या चित्रपटात एकच नट बरा आहे, तो म्हणजे दरवाजा. गोमारनी ते वाचून आधी तोंड पाडलं. मग शेडमध्ये येऊन माझ्यासमोर टोपी काढली. मला फार लाजल्यासारखं झालं.

लुटगार्डनं माझा जुना रंग कधीच काढला नाही. “खरवडायला वेळ कुणाला आहे? सोमवारी पाणबुडी हवी म्हणतोस!” किल्ल्याचा करडा, इस्पितळाचा पांढरा, पाणबुडीचा हिरवा. रंगाच्या हातावर हात चढत गेला. मी जाड होत गेलो आणि जास्तच अडकू लागलो.

पुढे सभागृह बंद पडलं. फोन्स गेले. नदीच्या ओलीनं बहुतेक रिळं चिकटून खराब झाली. तरी म्हातारपणी गोमारनी आणखी एक पटकथा लिहिली. तिच्यात किल्ला नव्हता, भूत नव्हतं, त्यांचंच घर होतं. लुटगार्ड मला पिवळा रंग देऊ लागली. अर्ध्यावर तिनं ब्रश ठेवला, दमले म्हणाली आणि आत गेली. ती पुन्हा शेडमध्ये आली नाही. गोमारनी त्यानंतर काही लिहिलं नाही. मी भिंतीला टेकून राहिलो. माझ्या पायाशी कोंबड्या बसू लागल्या.

यंदा गावच्या संग्रहालयानं मला मागून नेलं. तिथल्या हेडविगबाई मनानं चांगल्या. मला आडवं निजवून त्यांनी पातं हातात घेतलं, तोच काठी टेकत गोमार आले.

“काका, खाली सुंदर अक्रोड आहे,” बाई म्हणाल्या. “वरची ही घाण निघाली की बघा कसा चमकेल. त्यात हा पिवळा डाग तर...”

गोमार माझ्यावर वाकले. मग माझ्या कडेला जिथे टवका उडाला आहे, तिथे त्यांनी बोट ठेवलं. “हा किल्ला. हे इस्पितळ. ही पाणबुडी. यांची रिळं गेली, बाई. आता एवढेच चित्रपट उरलेत.” मग बोट सरकत पिवळ्याच्या कडेपाशी थांबलं. “आणि हा डाग नाही. इथपर्यंत तिचा हात पोचला.”

बाईंनी पातं खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, “निदान कड तरी तासू का? चौकटीत अडकेल हो.”

“अडकू दे,” गोमार म्हणाले. “माझ्या चित्रपटात यायचं तर खांदा लावावा लागतो.”

आता मी संग्रहालयात उभा आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं शेवटी सांगायची रीत आहे. मी एवढंच विनवतो की, एखादी वस्तू घासून-पुसून लख्ख करण्यापूर्वी, तिच्यावर कुणाचा हात आहे, ते कुणाला तरी विचारा. आणि कधी लिअरला आलात, तर मला जोरात ढकला. मी लगेच उघडणार नाही. रविवार असेल, तर गोमार मला भेटायला आलेले असतील आणि पलीकडून एक म्हातारा आवाज येईल, “थांबा, थांबा! पोलीस आहात का?”