मागच्या देशाचा पासपोर्ट

खिडकीतल्या बाईंनी प्रश्न दुसऱ्यांदा वाचला. चावीवाल्याला पहिल्यांदा ऐकू आला नाही, असा त्यांचा समज झाला होता. ऐकू तर चांगलाच आला होता.

“काका, इथे आश्रय मिळाल्यानंतर तुमच्या मागच्या देशाचा पासपोर्ट कधी घेतलाय का? हो की नाही, तेवढंच सांगा.”

बाईंच्या मागे पंखा फिरत होता, पण त्याचा वारा काचेच्या अलीकडे येत नव्हता. अर्ज निर्वासितांच्या प्रवासपत्राचा होता. नवरा-बायको दोघांचा मिळून एकच, कुटुंबप्रमुख म्हणून सही याची. फी मघाशीच भरून झाली होती. इथल्या माणसाला पासपोर्ट जेवढ्यात मिळतो, त्याच्या दुप्पट. ज्याचं घर गेलं त्याच्याकडूनच जास्त घ्यायचं, हा नियम कोणत्या शहाण्याने केला कोण जाणे. अंगावरच्या कपड्यांनिशी पळायची वेळ त्याच्यावर आली नसणार, एवढं नक्की.

आणि पासपोर्ट? घेतला होता. मेहुण्याच्या नादाने.

मेहुणा म्हणजे सल्ल्यांची टाकी, तोटी कायम उघडी. तो म्हणाला, दाजी, आपल्या वकिलातीत जा, निम्म्या पैशात देतात, शिक्का मारणारा काय पासपोर्टचा रंग बघतो? त्या वेळी मुलीशी बोलणं तुटलेलं होतं. तिने तिसऱ्याच देशात जाऊन मनासारखं लग्न केलं होतं आणि बाप वाटेल ते बोलून बसला होता. राग उतरल्यावर त्याला वाटलं, एकदा जाऊन तिच्या दारात उभं राहावं. म्हणून ज्यांच्या भीतीने रातोरात गाव सोडलं, त्यांच्याच वकिलातीत हा इस्त्रीचा शर्ट घालून गेला. फोटो दिला. हल्लीचा पत्ता विचारला, तोही सुवाच्य अक्षरात लिहून दिला. उंदराने आपण होऊन मांजराला बिळाचा पत्ता द्यावा, तसं.

पासपोर्ट हातात आला आणि मग तो वापरायची छाती झाली नाही. तो अवजारांच्या पेटीत कानशींखाली पडून राहिला. बायकोला काही सांगितलं नाही.

नियम कळला तो नंतर, शेजारच्या गाळ्यातल्या घड्याळवाल्याकडून. तोही असाच पळून आलेला. त्याच्या भावाने हेच केलं होतं. इथल्या साहेबांनी भावाला विचारलं, तुम्ही त्यांच्या दारात गेलात, त्यांनी पासपोर्ट दिला, मग तुमचं भांडण मिटलंच की? भीती संपली, म्हणजे आश्रय संपला. त्याला विमानात बसवून दिलं. तिकडे विमानतळाबाहेर नातलग ताटकळले, पण तो बाहेर आलाच नाही. घड्याळवाल्याने हे डोळ्याला लावलेलं भिंग न काढता सांगितलं.

तेव्हापासून जिन्यात पाऊल वाजलं की चावीवाल्याचा घास हातात थांबायचा. स्वतःच्या दाराचं कुलूप त्याने दोनदा बदललं. बायको म्हणायची, आपल्याकडे चोर आला तर बिचारा काहीतरी ठेवूनच जाईल. तो हसायचा आणि कडी पुन्हा तपासायचा.

आणि आता मुलीने आपण होऊन फोन केला होता. तिचे दिवस भरत आले होते. ती रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, “बाबा, तुम्ही आलात तर समजेन, मागचं सगळं संपलं.”

“नाही,” चावीवाला काचेतून म्हणाला. “घेतला नाही.”

“मग इथे सही करा. माहिती खोटी निघाली तर अर्जात नाव असलेल्या सगळ्यांचा आश्रय रद्द होतो. पडताळणी होते सगळ्याची.” बाईंनी हे धमकीने सांगितलं नाही. दिवसभर सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या आवाजात सांगितलं.

सगळ्यांचा. त्याच्या नावाखाली बायकोचं नाव होतं. तिने त्या वकिलातीची पायरीसुद्धा पाहिली नव्हती. त्याने पेन कागदाला टेकवलं आणि उचललं.

“बाई, अर्ज मागे घेतो मी.”

फी परत मिळणार नाही, म्हणाल्या. असू दे, म्हणाला. कारण लिहावं लागेल, म्हणाल्या. त्याने लिहिलं, प्रवासाची गरज उरली नाही. बाईंनी ते वाचून त्याच्याकडे पाहिलं. “गरज नाही, आणि सकाळपासून रांगेत उभे होतात?” तो कसनुसा हसला. घरी जाताना तो दोनदा बस बदलून, वळसा घालून गेला. अर्ज मागे घेणाऱ्यांचीही कुठेतरी नोंद होतच असणार.

“दिला का हो अर्ज?” बायकोने आतल्या खोलीतून विचारलं. ती बॅग भरत होती. तो म्हणाला, दिला.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. त्याने दार लोटून घेतलं.

मागच्या देशात फोनवर खरं कुणी बोलत नसे. फोनवर बोललेलं तिसराही ऐकतो, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वीस वर्षांत ती सवय हाडातून गेली नव्हती. पण देश सोडला तेव्हा मुलगी कडेवर होती. तिला हे कुठून कळणार?

“अगं, यायला जमेलसं दिसत नाही,” तो म्हणाला. “दुकान सोडून कसं येणार? काम फार आहे सध्या.”



“किल्ल्या, बाबा? किल्ल्यांसाठी?”

सगळं ओठांपर्यंत आलं होतं, एका वाक्याचं तर काम. जिन्यात कुणाचं तरी पाऊल वाजलं आणि वरच्या मजल्याकडे गेलं.

“तसं नाही गं,” तो म्हणाला.

“कळलं मला. आईला फोन देऊ नका आत्ता. मला बोलता नाही येणार.” आणि तिने फोन ठेवला.

दार उघडून बायको बाहेर आली. तिच्या हातात बाळाचा स्वेटर होता, एक बाही अजून सुईवरच. काय म्हणते, असं तिने भुवया उडवूनच विचारलं.

“हो, हो, इथेच आहे ती,” चावीवाला बंद फोनमध्ये म्हणाला. “विणतेय. नाही गं, मऊच घेतलीय लोकर. तू जेवत जा वेळेवर. हो. सांगतो तिला.”

“द्या की मला,” म्हणत बायकोने हात पुढे केला.

त्याने जरा थांब अशी मान हलवली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.