तीन कांड्यांचा खेळ

भुवनेश्वरीला खेळांचा नाद आहे, हे एमआयडीसीतल्या तिच्या कारखान्यात कुणाला सांगून खरं वाटणार नाही. अडतीस वर्षांची बाई, कॉम्प्युटरवर टॉवेलांची नक्षी काढणारी, डब्यात रोज शेंगाचटणी आणणारी. पण रविवारी दुपारी जेवणं उरकली, नवरा महेश्वर आडवा झाला, की मोबाइल घेऊन ही जी भिंतीला टेकते ती चहाची वेळ टळली तरी हलत नाही. महेश्वर म्हणतो, या मोबाइलशीच लग्न करायचं होतंस की. ती मान वर न करता हं म्हणते.

बरं, एकाच खेळावर भागेल तर शपथ. सगळ्या तऱ्हा खेळून झाल्यात, आणि प्रत्येकीबद्दल बाईंचं मत ठाम. गाड्यांच्या शर्यतीत ती मुद्दाम शेवटची येते, कारण रस्त्याकडेला समुद्र आहे आणि गाडी जोरात सोडली की तो नीट बघता येत नाही. रंग जुळवायचे खेळ तिला कारखान्यातल्या ओव्हरटाइमसारखे वाटतात. शेतीचा खेळ मात्र चार महिने रंगला. मग मोडनिंबचे मामा आले, दोन मिनिटांत कापणीला आलेला गहू त्यांनी पाहिला आणि हितं खुरपणी कोण करतंय गं, असं विचारलं. त्या दिवसापासून तिचं त्यावरून मनच उडालं. आणखी एक होता, ओसाड घरातून एकटीनं फिरायचं आणि सापडतील त्या चिठ्ठ्या वाचायच्या. लई देखणा खेळ. तो तिनं अर्ध्यात सोडला. इतकं सुंदर काही दिसावं आणि अगं हे बघ म्हणायला शेजारी कुणी नसावं, मग ते बघून करायचं काय?

शेजारी कुणी नाही म्हणजे बानो नाही. खरं दुखणं ते.

लहानपणी सोलापूरच्या साखर पेठेतल्या बोळात दोघींची घरं समोरासमोर. बानोचं पूर्ण नाव गुलबानो, आणि भुवनेश्वरी तिची भुवी. तिचे वडील गैबीसाब चादरींच्या गाठी ट्रकनं हैदराबादला पोचवायचे, आणि एका खेपेला येताना त्यांनी टीव्हीला जोडायचा गेम आणला. आणला होता बानोच्या भावासाठी. पण भाऊ आठ दिवसांत कंटाळला आणि तो दोघींच्या वाटणीला आला. त्यात एक बुटका उड्या मारत पळायचा. खड्डे चुकवायचे, भिंती ओलांडायच्या, आणि गंमत अशी की बुटका पुढंच जायचा, मागं वळायची सोयच नव्हती. बटणं बानोच्या हातात असायची आणि खड्डा आला गं, असं ओरडायचं काम भुवीचं. मारामारीच्या खेळात भुवी सगळे डाव पाठ करून बसायची, तर ही बया डोळे मिटून सगळी बटणं एकदम दाबायची आणि जिंकायची. भुवीला असा राग यायचा की काय सांगावं.

खेळात तीन जीव मिळायचे. या दोघी त्याला कांड्या म्हणायच्या. दोन्ही घरी यंत्रमाग, आणि बानोची आई दिवसभर कांड्यांवर सूत भरायची. मागाच्या धोट्यातली कांडी संपली की सूत संपतं आणि माग थांबवावा लागतो, हे त्या बोळात शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून बुटका खड्ड्यात पडला की कांडी संपली. या दोघींखेरीज कुणाच्या तोंडी हा शब्द खेळातल्या जिवासाठी आला असेल असं भुवीला वाटत नव्हतं.

मग बानोचं लग्न ठरलं, कलबुर्गीला. भुवी तेव्हा एकोणीस वर्षांची. मेहंदीच्या आदल्या दिवशी बानोनं तो गेम वायरीसकट पिशवीत घालून हिच्याकडं आणून दिला. आणि हिनं काय करावं? लग्नाला गेलीच नाही. ताप आलाय म्हणून निरोप धाडला. ताप कसला नि काय, रुसली होती. मला सोडून जातेस ना, मग जा. आई आहेर देऊन, सरबत पिऊन आली, आणि ही घरात बसून एकटीच तो बुटका खड्ड्यात पाडत राहिली. समोरच्या दारातून बानोची गाडी निघाली तेव्हा खिडकीतसुद्धा आली नाही. पुढं गैबीसाबांनी घर विकलं आणि ते मुलाकडं गेले. बोळात कुणालाही विचारलं असतं तर नंबर मिळाला असता. पण फोन लावून बोलायचं काय? या एका प्रश्नापायी वर्षांमागून वर्षं गेली आणि बानोची आठवण काही जाईना.

अलीकडं भुवी चौघांनी मिळून खेळायचा बंदुकांचा खेळ खेळते. गोळ्या झाडायची तिला हौस नाही. पण त्यात एक गोष्ट अशी आहे की आपल्याला गोळी लागून आपण पडलो की टोळीतलं कुणीतरी धावत येतं, शेजारी गुडघे टेकून बसतं आणि आपल्याला उठवतं. तेवढ्यासाठी ती बाकीचा सगळा धुडगूस सोसते. बाईचा आवाज ऐकला की लोक नको ते बोलतात, म्हणून माइक कायम बंद. नावही घेतलंय धोंडप्पा, तिच्या सासऱ्यांचं.

त्या रविवारी टोळीत बुलडोझर नावाचं कुणीतरी होतं. माइक त्याचाही बंद, सगळं बोलणं लिहूनच. अर्ध्या खेळात बुलडोझर पडला आणि पडद्यावर अक्षरं उमटली, "अंकल जल्दी आओ, मेरी कांडी खतम."

 भुवीनं धावत जाऊन त्याला उठवलं आणि लिहून विचारलं की हा शब्द कुठला. उत्तर आलं की अम्मी असं बोलते. अम्मी कुठली? सोलापूरची. बुलडोझर म्हणजे पंधरा वर्षांची इफ्रा होती. कांडी म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं, आणि अम्मी तर कधीच खेळत नाही, नुसती मागं उभी राहून खड्डे दाखवते, असंही तिनं लिहिलं.

भुवीनं अम्मीचं नाव विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. अम्मीला मोबाइल दे आणि माइक चालू कर, असं तिनं लिहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या खेळात माइक चालू केला.

"बानो, मी भुवी."

पलीकडं कुकरची शिट्टी ऐकू आली. कुणीतरी गॅस बंद केला. भुवीला वाटलं की बानो आता मोबाइल ठेवून देईल, आणि ठेवला तरी तिचं काही चुकलं नाही.

"मला ताप नव्हता," भुवी म्हणाली. "मी रुसले होते."

"माहिताय," बानो म्हणाली. आवाज जाड झाला होता, पण तोच. "तुझ्या आईनं तिथंच सांगितलं. त्यांना कुठं खोटं बोलता येतंय."

मग बानोनं जे सांगितलं ते भुवीला आजवर ठाऊक नव्हतं. भुवीच्या घरी मटण चालत नाही, म्हणून गैबीसाबांनी लग्नासाठी मुद्दाम नवं पातेलं विकत आणलं होतं. ते शेजारच्या म्हाळसाबाईंकडं दिलं आणि एकट्या भुवीपुरता स्वयंपाक त्यांच्या चुलीवर करून घेतला. पुरण, कटाची आमटी, सगळं. ताट झाकून ठेवलं होतं.

"मग त्याचं काय केलं?" भुवीनं कसंबसं विचारलं.

"मी खाल्लं. गाडीत बसायच्या आधी, नवरीच्या कपड्यात. सगळे हसत होते. मी म्हटलं, भुवीचं आहे, वाया नाही घालवायचं."

खेळात धोंडप्पा उघड्या मैदानात उभा होता. कुणीतरी त्याला गोळी घातली. भुवीनं तिकडं बघितलंही नाही. सोलापूर ते कलबुर्गी गाडीनं दोन तास, दिवसभर गाड्या, आणि आपल्याला ते दोन तास एकोणीस वर्षांत जमले नाहीत, याची तिला इतकी लाज वाटली की पदर तोंडात धरून ती रडली. रडतच तिनं विचारलं, पुढच्या रविवारी येऊ का.

"ये की," बानो म्हणाली. "पण जेवायला कसं करू गं तुला? नवं पातेलं आणायला आता अब्बा नाहीत."

"नवं नको. डाळच कर. पण तुझ्या रोजच्या पातेल्यात कर."

 पलीकडून बानोच्या रडण्याचा आवाज येऊ लागला, आणि काय झालं अम्मी, काय झालं, असं इफ्रा तिला विचारत राहिली.