पाळकाला कोण विचारतं?

बेउला पापनाशमजवळच्या एका गावातल्या चर्चची पाळक होती. पाळकपदाची दीक्षा मिळून फार दिवस झाले नव्हते. दर महिन्याला तिने तंजावरला जाऊन ज्ञानमणी अय्यांना भेटायचं, असं चर्चच्या वरच्या कचेरीने ठरवून दिलं होतं. अय्या निवृत्त पाळक. उभा जन्म गावोगावच्या चर्चमध्ये काढून आता सांबशिवराव नावाच्या तंजावरी मराठी गृहस्थांच्या घरामागच्या दोन खोल्यांत एकटे राहत. नव्या पाळकाला जुन्याने हाताशी धरावं, एवढाच त्या भेटींचा हेतू.

बेउलाला मात्र ती परीक्षा वाटे.

"कसं चाललंय, अम्मा?" अय्या विचारत.

"छान चाललंय, अय्या." मग उपासनेला माणसं वाढली, मुलांचा वर्ग भरतो, असं काहीबाही सांगून, कॉफी पिऊन ती बस पकडायला निघे.

आणि मग तिच्या चर्चमधल्या सरोजाचा मुलगा गेला.

जोएल तिचा एकुलता एक. नवरा आधीच वारलेला. कॉलेजला जाताना कुंभकोणम रस्त्यावर लॉरीने त्याची मोटरसायकल उडवली. दफनाच्या वेळी बेउलाने मन लावून तयार केलेलं प्रवचन केलं. "देवाला त्याच्या बागेत एक सुंदर फूल हवं होतं," ती म्हणाली.

कबरीपाशी मातीत बसलेल्या सरोजाने मान वर केली. "पुरे, अम्मा. आता गप्प बसा."

सगळ्या मंडळीने ते ऐकलं.

त्यानंतर बेउला सरोजाच्या गल्लीत पाऊल टाकीना. तिने स्वतःला कामात जुंपून घेतलं. चर्च झाडणं, गाण्याची तालीम, आजाऱ्यांच्या भेटी, सगळं एकटीच करू लागली. पण रविवारी बोलायला उभी राहिली की नजर सरोजाच्या रिकाम्या जागेवर जाई आणि पुढचं वाक्य सुचेनासं होई. शेवटी तिने ठरवलं, हे काम सोडायचं. पुढच्या भेटीत अय्यांना तेवढं सांगून मोकळं व्हायचं.

"कसं चाललंय, अम्मा?"

"छान..." ती म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं.

मग सगळं बाहेर आलं, काम सोडायचं ठरवलंय तेही. ती थांबल्यावर अय्यांनी विचारलं, "सरोजाच्या घरी गेलीस?"

"कोणत्या तोंडाने जाऊ? काय बोलू?"

"काय बोलशील ते नाही विचारलं. गेलीस का?"

"नाही."

"भीती कसली वाटते?"

"ती परत म्हणेल, गप्प बस."

"आणि म्हणाली तर?"

"तर..." तिने डोळे पुसले. "तर गप्प बसेन."

अय्यांनी मान हलवली.

"तुम्ही बरोबर चला ना, अय्या."

"मी आलो तर ती माझ्याशी बोलेल आणि तू माझ्यामागे लपशील. तुझी माणसं आहेत ती. पण जाऊन आलीस की इथे ये. पाळक सगळ्यांची विचारपूस करत हिंडतो, पाळकाला कोण विचारतं? त्यासाठी मी बसलोय इथे." मग त्यांनी डोळे मिटून सरोजासाठी आणि बेउलासाठी दोन वाक्यांची प्रार्थना केली.

दुसऱ्याच दिवशी ती गेली. सरोजा ओट्यावर शेवग्याचा पाला निवडत होती. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. बेउला शेजारी टेकली. एक डहाळी ओढून घेतली आणि पानं खुडू लागली.

"देवाला फूल हवं होतं म्हणालात," सरोजा खाली बघतच म्हणाली. "मला नको होतं का?"

"माझं चुकलं, अक्का. मला काही कळत नव्हतं आणि मी बोलत सुटले."

सरोजाचे हात चालूच राहिले. मग म्हणाली, "त्याचे शर्ट इस्त्रीवाल्याकडे पडलेत. तो निरोप धाडतोय. माझा पायच उचलत नाही."

बेउला उठली. "चला, जाऊ या."

कडुलिंबाखालच्या इस्त्रीवाल्याने गठ्ठा मुकाट्याने पुढे केला. परतताना सरोजाने वरच्या निळ्या शर्टात तोंड खुपसलं. "याला नुसता कोळशाचा वास येतोय गं," ती म्हणाली आणि भर रस्त्यात ओक्साबोक्शी रडू लागली. बेउला तिला धरून उभी राहिली. मागून आलेली बस हॉर्न वाजवत वळसा घालून गेली. बेउलाला बायबलातलं एकही वचन आठवलं नाही. तिने आठवायचा प्रयत्नही केला नाही.

त्यानंतर लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. सरोजा चर्चला येत नव्हती. बेउला तिच्या ओट्यावर जात राहिली. अय्यांकडे गेली की आता जे बिघडलं ते आधी सांगे. "सगळं एकटीच करतेस, यातलं कोणतं काम तुझ्याशिवाय अडेल?" असं त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा ती चिडली, वाद घातला. पण घरी येऊन तिने मुलांचा वर्ग हरिणी नावाच्या शिक्षिकेकडे सोपवला आणि आजाऱ्यांच्या भेटींना मंडळीतल्या सतीशकुमारना बरोबर नेऊ लागली. काम सोडण्याचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

नाताळच्या सुमारास एका रविवारी सरोजा आली. दाराजवळ बसली.

"प्रवचनाआधी उठून गेली," बेउलाने अय्यांना सांगितलं.

"तुला कसं वाटलं?"

"वाईट वाटलं थोडं." ती थांबली. "पण आली होती, अय्या. जाताना माझ्याकडे बघून हात केला तिने."

"बैस, सविस्तर सांग," अय्या म्हणाले आणि कॉफी ठेवायला उठले.