विहिरीकडचा कोपरा

माझं खताचं दुकान आहे. कुठल्या पिकाला काय घालायचं आणि किती, हे तीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय. कुणी विचारलं नाही तरी सांगतो. बायको म्हणते, हा माणूस कुंडीतल्या गुलाबालाही उपदेश केल्याशिवाय पाणी घालत नाही.

माझा धाकटा भाऊ भाजी पिकवायचा. मंडईत त्याला सगळे कोबीशेठ म्हणत. अर्ध्या एकराचा एक तुकडा, त्यात तीन वर्षं कोबी, टोमॅटो, पुन्हा कोबी. कोंबडीखत गाड्या भरभरून टाकायचा, शिवाय माझ्याकडची पोती वेगळी. "अरे, जमीन आहे का पाहुणा? किती आग्रह करशील?" मी म्हणायचो. तो हसून आणखी एक पोतं खांद्यावर घ्यायचा. मग तो आजारी पडला आणि तीन महिन्यांत संपला.

शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, त्याने बायकोला जवळ बोलावलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो.

"तिथे आता भात लाव," तो म्हणाला. "भाजीचं काम तुला एकटीला झेपायचं नाही. आणि खत घालू नकोस. चिमूटभरसुद्धा नाही. मी घातलेलं सगळं कोबीने थोडंच खाल्लंय? जमिनीत पुष्कळ शिल्लक आहे, भाताला पुरून उरेल." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "दादा, तू हात आवर."

मी हसलो. मला वाटलं, तापात बोलतोय.

भावजयीला आम्ही घरात धाकटीच म्हणतो. धाकटीने अगदी त्याच्या शब्दाबरहुकूम केलं. भात लावलं आणि खताला हात लावला नाही. रोज सकाळी बांधावर उभी राहून ती रोपांकडे बघायची. त्याचं घरात आता फारसं काही उरलं नव्हतं. दाराशी त्याचे गमबूट होते आणि शेतात जमिनीखाली त्याने घातलेलं खत होतं.

लावणीनंतर आठवड्याभरात रोपं पिवळी पडली. लावलेलं भात मूळ धरेपर्यंत पिवळं पडतंच, हे मी दुकानात शंभर जणांना सांगितलं असेल. पण गिऱ्हाइकं हसायला लागली. "काय शेठ, सगळ्या गावाला खत आणि घरचं शेत उपाशी?" ते मला झोंबलं. खोटं कशाला बोलू, धाकटीची कीव आली होती तेवढाच माझा मानही दुखावला होता.

दोन दिवस ती कागदपत्रांसाठी बाहेरगावी गेली. मी युरियाचं एक पोतं घेऊन शेतात उतरलो आणि सगळं फेकून आलो. विहिरीकडच्या कोपऱ्यात पोहोचेपर्यंत पोतं संपलं. झटकून पाहिलं, काही निघालं नाही. म्हटलं, एवढ्याशा कोपऱ्यासाठी कुठे दुसरं फोडायचं?

पंधरा दिवसांनी धाकटी मूठभर पाती घेऊन दुकानात आली. हिरवीगार, जवळजवळ काळी.

"भावजी, बघा. सगळे हसत होते ना? हे ह्यांचं खत!"

तो गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहत होतो. मी "हं" म्हणालो आणि ताजवा पुसायला लागलो. ती खूश आहे ना, मग बस्स, असं मी मनाला समजावलं. मला तेव्हाच थोबाडीत मारायला हवी होती कुणीतरी.

भात कमरेच्या वर गेलं. येणारे-जाणारे थांबून बघायचे. लोंब्या आल्या आणि करपा रोग पडला, त्यांच्या माना काळ्या पडू लागल्या. मग एका दुपारी वारा सुटला. काही वादळ नव्हतं, दोरीवरचे कपडे हलतील एवढाच. तेवढ्यात सगळं भात आडवं झालं. लोंबी दाबून पाहिली तर दाणे पोचट. जास्तीचा युरिया भाताचं काय करतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

धाकटी रडली नाही, चिडली. "जाता जाता चुकीचं सांगून गेले," ती म्हणाली. "हंगामभर मला आशेवर ठेवलं. खोटारडा माणूस!" आणि दाराशी असलेले ते गमबूट तिने उचलून भंगारवाल्याला देऊन टाकले. मी तिथेच होतो.

आठ दिवसांनी आम्ही जे काही होतं ते कापायला गेलो. कापत कापत ती विहिरीकडच्या कोपऱ्यात आली आणि थांबली. तिथलं भात उभं होतं, लोंब्या दाण्यांनी वाकलेल्या. दोन खाटा मावतील एवढीच जागा.

"हेच कसं उभं राहिलं?" तिने विचारलं.

मी सांगितलं. पोतं, ते दोन दिवस, गिऱ्हाइकांचं हसणं, सगळं. ती विळा हातात धरून ऐकत होती. मी म्हटलं, मार मला. तिने फक्त विचारलं, "भंगारवाला गमबूट ठेवत असेल का हो?"

मी धावत गेलो. रबराचा माल परवाच गेला, तो म्हणाला.

तो कोपरा धाकटीने एकटीने कापला, झोडपला, कांडला. चार दिवसांनी मला जेवायला बोलावलं. मी जाऊन बसलो. तिने माझ्या ताटात भात वाढला, पांढरा, मोकळा, वाफ येणारा.

"जेवा. त्यांच्या हातचा आहे."

"तुझं ताट कुठे?"

"मला नको," ती म्हणाली. "मी शिव्या दिल्यात त्यांना."

पातेल्यात अजून पुष्कळ भात होता. तिने त्यावर झाकण ठेवलं आणि माझा पहिला घास व्हायची वाट बघत समोर बसून राहिली.